सामानाजवळ कोण बसलं होतं?

सिंधूबाई वानखेडे, वय एकाहत्तर, राहणार रेल्वे कॉलनी, चरोदा. यांच्यावर अन्याय झाला. यंदाच्या जानेवारीत, दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीन चाळीस ते चार पंचवीस. जागा: विशाखापट्टणमपासून तासाभरावरचं भीमिली गाव, एका पांढऱ्या गाडीतली मधली सीट. समुद्र तिथून ऐंशी पावलांवर होता. मी नंतर जाऊन मोजली.

अन्याय करणारे तिघं होते. मुलगा, सून आणि गाइड. नातवंडं लहान आहेत, त्यांना सोडून देऊ. गाइड मी.

अशी सुरुवात कोणी करत नाही, मला माहीत आहे. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहितात ते बहुतेक भिलाईच्या पोलाद प्लांटमधून नाहीतर रेल्वेतून निवृत्त झालेले काका लोक. ते भरतीच्या दिवसापासून सुरू करतात. मी तीस वर्षांची आहे, या कामाला सहा वर्षं झाली, आणि लिहायला शिकले ती पत्रकं. भिलाईच्या पावर हाउस भागातल्या एका छापखान्यात पांडेजी नावाचे म्हातारे गृहस्थ आहेत. कॉलेजात असताना रसमड्याच्या एका कारखान्यातल्या बायकांसाठी मी पहिलं पत्रक लिहून त्यांच्याकडे नेलं. पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या बायकांना बसायला स्टूल द्या, एवढीच मागणी होती. मी दोन पानं क्रांतीवर लिहिली होती. पांडेजींनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटी, पहले नाम, फिर टाइम, आख़िर में माँग. रोना-धोना बीच में, और वो भी कम."

तर नाव सांगितलं, वेळ सांगितली. मागणी शेवटी आहे.

आता धंदा. मी पावर हाउसच्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. भिलाईला समुद्र नाही, तळी आहेत. आम्हाला सोयीचा समुद्र विशाखापट्टणमचा. संध्याकाळी दुर्गला गाडीत बसलं की सकाळी तिथे. आमचं काम म्हणजे खासगी सहल: एक कुटुंब, एक गाडी, एक गाइड, आणि किनाऱ्याच्या रस्त्याने भीमिलीपर्यंत एक दिवस. मी दुर्गपासून सोबत असते, विशाखापट्टणमला आमचा ड्रायव्हर अप्पाराव गाडी घेऊन स्टेशनवर उभा असतो.

लोकांना वाटतं गाइड म्हणजे माहिती सांगणारी बाई. माहिती मोबाइलवर मिळते. गाइडला वेगळ्या गोष्टी माहीत पाहिजेत. जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणून ज्याला गाडी लागते त्याला उजवी खिडकी द्यायची, पाण्याकडे पाहत राहिला की त्याचं पोट शांत राहतं. वाटेत एक दगडी कमान आहे, तिच्याजवळ ओहोटीलाच जाता येतं, म्हणून सकाळीच तिथल्या एका मासे विकणाऱ्या बाईला फोन करून पाणी कुठे आहे ते विचारायचं. बायकांसाठी स्वच्छ संडास कुठल्या तीन ठिकाणी आहेत, ते तोंडपाठ पाहिजे. आणि लोक पाण्यात उतरले की कोरड्या वाळूवर उभं राहून त्यांच्या चपला, चष्मे आणि मोबाइल सांभाळायचे. हे शेवटचं लक्षात ठेवा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. प्लांटच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले ढोमणेसाहेब मला विसरता येत नाहीत. पुढच्या सीटवर बसून, मांडीवर वही घेऊन ते प्रत्येक स्टॉपची वेळ लिहायचे. "मॅडम, रुषिकोंडा चार मिनिट लेट." भीमिलीच्या अलीकडे लाल मातीच्या टेकड्या आहेत, लोक लांबून पाहायला येतात. ढोमणेसाहेब खाली वाकले, माती चिमटीत घेतली, हुंगली. "यात लोखंड आहे. मोप आहे."

मागे मिसेस ढोमणे पदराने घाम पुसत उभ्या होत्या. "हे दाखवाले आणलं तुम्ही मले?" त्या म्हणाल्या. "हे तं मी पस्तीस वर्षं पंख्यावरून पुसून राहिली."

अप्पारावला मराठी येत नाही, तरी तो हसला. साहेबांनी मात्र रुमालात थोडी माती बांधली होती. ती मी ओतायला लावली. तिथली माती नेऊ देत नाहीत. वहीत त्यांनी लिहिलं: लाल टेकडी, सात मिनिटं, गाइड कडक.

कडक असल्याचा मला अभिमान होता. म्हणूनच जानेवारीचं सांगताना लाज वाटते.

सिंधूबाईंचे यजमान यार्डात शंटिंगला होते, पाच वर्षांपूर्वी गेले. मुलगा प्रशांत रेल्वेतच क्लार्क आहे. सहल ठरवायला तो ऑफिसात आला तेव्हा म्हणाला, "आईला समुद्र दाखवायचाय. तिच्यासाठीच आहे हे सगळं." खोटं बोलत नव्हता. आईच्या नावाने उजवी खिडकी त्यानेच मागून घेतली होती.

सकाळी लॉज सोडला, कारण परतीची गाडी त्याच संध्याकाळची होती. सगळं सामान गाडीत. सहा बॅगा. त्यात अप्पाराव म्हणाला की डिकीचं लॉक नीट लागत नाही. झालं. रेल्वेवाल्यांच्या घरात हे वाक्य कोणाला म्हणावं लागत नाही, ते हवेतच असतं: सामानाजवळ कोणीतरी बसलं पाहिजे.

पहिल्या स्टॉपला पायऱ्या होत्या. सिंधूबाई म्हणाल्या, "जा तुम्ही, मी बसते." दुसऱ्याला चढ होता. "मी बसते." कमानीपाशी दगड निसरडे होते, ते मीच सांगितलं. "मंग मी बसते." प्रत्येक वेळी कारण बरोबर होतं. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

भीमिलीला कारण नव्हतं. सपाट वाळू, ओहोटी, घोट्याएवढं पाणी. अप्पाराव चहाला गेला. मुलं धावत सुटली, त्यांच्यामागे सून, तिच्यामागे प्रशांत. सिंधूबाई जागच्या हलल्या नाहीत. मी माझी बॅग खांद्यावरून काढली आणि म्हणाले, "काकू, माझीही बघा जरा."

"ठेव वं इथं," म्हणत त्यांनी ती मांडीवर घेतली.

सातवी बॅग माझी. रसमड्याच्या गेटवर उन्हात उभी राहून बायकांना बसू द्या म्हणून घसा फोडणारी मी. गाडीचं तोंड जुन्या डच कब्रस्तानाच्या भिंतीकडे होतं, समुद्र पाठीमागे. पंचेचाळीस मिनिटं त्या बाईने ती भिंत पाहिली. आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी मुलांचे पाय स्वतःच्या टॉवेलने पुसून दिले.

स्टेशनकडे परतताना, गाडीत उजेड होता तोवर, प्रशांत फोटो पाहत होता, मुलं भांडत होती. सिंधूबाई संत्रं सोलत माझ्याकडे सरकल्या. हळूच म्हणाल्या, "वैशाली, एक विचारू? हसशील नाही ना?"

"विचारा ना काकू."

"ते पाणी कोमट असते का वं, का थंड?"

"थंड," मी म्हणाले. तेव्हाही मला माहीत नव्हतं. सहा वर्षं किनाऱ्यावर नेऊन-आणून मी स्वतः कधी पाण्यात पाय घातला नव्हता. मी चपला सांभाळत असते.

"थंडच असंन," त्या म्हणाल्या. "कन्याकुमारीले मी वेटिंग रूमात होती. रामेश्वरले धर्मशाळेत. पुरीले तं स्टेशनवरच. आमचे हे सांगत होते, लय मोठा असते म्हणून."

"तुम्हीच का पण दर वेळी? कावून?"

त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मग इटारसीचं सांगितलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पासवर कुठेतरी निघाले होते. फलाटावर यजमान तिकीटबाबूकडे गेले आणि या प्यायचं पाणी आणायला उठल्या. परत आल्या तर पेटी नाही. पेटीत त्यांच्या लग्नाचा शालू आणि यजमानांची सर्टिफिकेटं होती.

"ते काही रागावले नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच म्हणाले, तू उठली कावून? बस. दुसऱ्या दिवशी जाड साखळी घेऊन आले. तवापासून सामान साखळीनं बांधते आमच्याकडं."

"साखळी होती तर मग तुम्ही का बसायच्या?"

मला वाटतं, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "साखळीजवळ बी कोणी पाहिजे ना," त्या म्हणाल्या.

मी त्या आठवड्यात ऑफिसात तीन लोकांशी भांडले आणि मग पत्रक लिहिलं. एक पान. 'सामानाजवळ कोण बसतं?' खाली मोकळी जागा: तुमच्या घरात बसणारीचं नाव लिहा. रथसप्तमीपर्यंत कॉलनीत हळदीकुंकू चालतं, आणि आमच्या मंडळात आता विधवांनाही बोलावतात (त्याचंही पत्रक माझंच होतं, त्यावरून तीन काका अजून माझ्याशी बोलत नाहीत). तिळगुळाबरोबर मी हे पत्रक वाटलं. बायका वाचून हसल्या. एक म्हणाली, "हे काय वं, याच्यावर बी मोर्चा काढतं का?" पण पुढच्या दोन आठवड्यांत पंधरा-सोळा पानं नावं लिहून परत आली. एकावर नाव नव्हतं, नुसतं 'मी' लिहिलं होतं.

मग मी मालकांना म्हणाले, एक सहल फक्त या बायकांची करू. मालक म्हणाले, "मॅडम, ये टूर का ऑफिस है, आंदोलन का नहीं." मी म्हणाले गाडी भरून देते, मग तुम्ही त्याला काहीही म्हणा. सहा जणी तयार झाल्या. सिंधूबाई सोडून.

त्यांच्या दारात मी चार वेळा गेले. "मले काय करायचं आता? पायात वात आहे. अन् मी तं जाऊन आली ना."

"कुठे जाऊन आलात? भिंत पाहून आलात."

"तुले बोलाले लागते फक्त."

"काकू, मी तुम्हाला खोटं सांगितलं. पाणी थंड असतं की कोमट, मला माहीत नाही. मी कधी हात लावला नाही."

"सहा वर्षं जाऊन राहिली तू?"

"हो."

"अन् पाय नाही घातला? बावळटच आहे वं तू."

तेवढ्यात प्रशांत घरी आला, काकू चहा टाकायला आत गेल्या. त्याने हेल्मेट काढलं आणि सरळ मुद्द्यावर आला. "हे बघा, आम्ही नेलं होतं आईला. सगळं केलं. आता तुमच्या पत्रकामुळे कॉलनीत लोक मला विचारतात, आईला गाडीत कोंडलं होतं का म्हणून."

मी म्हणाले, "त्या दिवशीचे फोटो काढा."

त्याने रागातच मोबाइल काढला. एक-दोन-तीन, तो सरकवत गेला. रुषिकोंडा, टेकडी, कमान, भीमिली. कुठेतरी त्याचा अंगठा हळू झाला. शेवटच्या फोटोपर्यंत जाऊन तो परत मागे आला.

"सामान होतं ना," तो म्हणाला. पण आवाज तो राहिला नव्हता.

सिंधूबाई आतून ओरडल्या, "त्याले काही बोलू नको! तो चांगला आहे."

चांगलाच आहे. वाईट माणसाविरुद्ध पत्रक लिहिणं सोपं असतं.

होळीनंतरच्या शुक्रवारी दुर्ग स्टेशनवर सहा जणी जमल्या होत्या, आणि गाडी लागायच्या आधी प्रशांत आईला घेऊन आला. सातवी. त्याच्या हातात जुनी कापडी पिशवी होती, जड. ती माझ्या हातात देताना म्हणाला, "बाबांची साखळी. दोन जोडून एक केलेली आहे, पुरेल. किल्ली आईजवळ." आणि आईकडे न बघता निघून गेला.

आता माझी चूक ऐका. सामानाजवळ बसणाऱ्या सात बायका मी एका गाडीत भरल्या होत्या, आणि याचा परिणाम काय होईल याचा विचारच केला नव्हता.

भीमिलीला मी मुद्दाम सकाळीच नेलं, थकायच्या आधी. अप्पारावने दार सरकवलं. कोणी उतरेना.

"जा तुम्ही," एक म्हणाली. "मी बसते."

"तू कावून? तुझं वय आहे का बसायचं? मी बसते."

"माझे गुडघे पाहा अन् मंग बोला. मी बसते."

"पंढरपुरी तंबाखूची डबी आहे माझ्या बॅगमध्ये, मी कोणाच्या भरवशावर नाही सोडत."

मी म्हणाले, "मी बसते, सगळ्या उतरा." सातही जणी माझ्यावर तुटून पडल्या. "तू गाइड आहे! तुले सोबत यावं लागते! बुडलो तं कोण पाहीन?"

अप्पाराव मधे पडला. "अम्मा, गाड़ी मेरा है. मैं बैठता, आप जाओ."

"तुले कोण ओळखते?" कुसुमताई म्हणाल्या. कुसुमताई सगळ्यात मोठ्या, मागच्या कोपऱ्यात बसलेल्या, छातीशी पर्स.

वीस मिनिटं गेली. मी घड्याळ पाहत होते. रसमड्यात मॅनेजरशी बोलताना माझा आवाज कधी गेला नाही, इथे गेला. सात जणी, प्रत्येकीजवळ चाळीस वर्षांचा अनुभव, आणि जी ती दुसरीला सुट्टी देत होती.

मग सिंधूबाई उठल्या. त्यांनी कापडी पिशवीतून साखळी काढली. "बॅगा खाली घ्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या. समुद्राजवळ नेऊ."

आम्ही बॅगा वाळूवरून ओढत नेल्या. कोळ्यांची एक जुनी नाव वर काढून ठेवली होती. सिंधूबाईंनी खाली बसून एकेका बॅगेच्या मुठीतून साखळी ओवली, नावेच्या कड्यातून काढली आणि कुलूप लावलं. हात असे चालले की मला मध्ये बोलायची गरज पडली नाही. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ कमरेला खोचली. जाळं विणत बसलेला कोळी आ वासून बघत होता.

आणि मग त्या निघाल्या. दर चार पावलांनी मागे वळून पाहत. नाव, साखळी, बॅगा. चार पावलं. नाव, साखळी, बॅगा. बाकीच्या त्यांच्या मागे, तशाच वळत. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की कोणाचा तरी निरोप घेऊन चालल्या आहेत. पाण्याच्या कडेला त्या थांबल्या. लाट आली, घोट्यावरून गेली. त्यांनी लुगडं वर धरलं आणि आणखी दोन पावलं आत गेल्या. दुसरी लाट गुडघ्याला लागली.

त्यानंतर त्यांनी मागे पाहिलं नाही. मी घड्याळ लावून सांगते, अकरा मिनिटं त्या बाईने सामानाकडे पाठ केली होती.

मग ओरडल्या, "वैशाली! कोमट आहे! खोटारडी!"

मी नेहमीसारखी कोरड्या वाळूवर उभी होते, सहा जोड चपला आणि तीन मोबाइल हातात. "ते तिकडं बांध अन् ये," त्या म्हणाल्या. मी चपला बॅगांवर टाकल्या, मोबाइल कोळ्याच्या स्वाधीन केले, ज्याचं नावही मला माहीत नव्हतं, आणि गेले. कोमटच होतं.

इथे थांबले असते तर छान वाटलं असतं. पण पांडेजींनी खोटं लिहायला शिकवलेलं नाही. मी म्हटलं, सहा जोड चपला. बायका सात होत्या. कुसुमताई उतरल्या नाहीत. मी परत गाडीकडे धावले. गाडीत एकही बॅग नव्हती. सीटवर साधी पिशवी नव्हती. त्या मागच्या कोपऱ्यात पर्स छातीशी धरून बसल्या होत्या.

"ताई, चला ना. सामान तर खाली गेलं सगळं."

"हाव, माहीत आहे."

"मग आता कशाजवळ बसलात?"

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. "गाडी आहे ना," त्या म्हणाल्या. "गाडीजवळ बी कोणी पाहिजे."

मी हाताला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला, प्रेमानेच. "जाय तू. बाकीच्यांले पाहा." शेवटी मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. सगळ्या ओल्या लुगड्यांनी परत आल्या तेव्हा कुसुमताईंनी एकेकीला हात देऊन वर घेतलं आणि विचारलं, "कसं होतं वं?"

गेल्या महिन्यात कुसुमताई नागपूरला लेकीकडे कायमच्या गेल्या. आता त्यांना समुद्रावर नेणं माझ्या हातात राहिलं नाही. या सहा वर्षांत मी काय केलं असं कोणी विचारलं तर मी सांगते, सातातल्या सहा. आणि ती सातवी किनाऱ्यावर उतरवता येत नाही, हे मला तिथेच कळलं. साखळी, कुलूप, पत्रक, गाइड, सगळं तिथे उशिरा पोहोचतं. ते काम घरच्यांनी, आधीच, करायचं असतं.

म्हणून ही मागणी तुमच्याकडे आहे. अंक हातात घेऊन बसलेल्या तुमच्याकडे. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कुठेतरी निघाल. गाडी थांबेल, दारं उघडतील आणि मधल्या नाहीतर मागच्या सीटवरून आवाज येईल, "जा तुम्ही, मी बसते." तेव्हा तिला "येतेस का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर तिला पाठ आहे. तिच्या मांडीवरची बॅग उचला. ती स्वतःच्या मांडीवर घ्या. तिला खाली उतरवा आणि त्या सीटवर तुम्ही बसा. शेवटच्या स्टॉपवर नको, तोवर ती थकलेली असते. पहिल्याच स्टॉपवर.